दोन रंगांचे चौकोन

वाकळ अंगावर जड होते, असं बाबा पहिल्यांदा म्हणाले तेव्हा आई भाकरी थापत होती, आणि तिला ते फार लागलं. ती वाकळ तिनं एका उन्हाळ्यात अंगणात पसरून शिवली होती. तिच्या आईची लुगडी, बाबांचे उसवलेले शर्ट, माझे लहानपणचे फ्रॉक असं सगळं घर थराथरानं तिच्यात गेलं होतं. ती खांद्यावरून उन्हात न्यायची म्हटलं तरी दोघी लागायच्या. "इतकी वरसं ऊब लागत हुती तवा न्हाय जड झाली," आई तव्याकडं बघतच म्हणाली, "आता माझी वाकळ जड झाली व्हय?" बाबा हसले, हसण्याचा खोकला झाला, आणि खोकला संपल्यावर ते म्हणाले, "वाकळ हाय तेवढीच हाय की गं. छातीच हलकी झालीया."

बाबा कंपोझिटर होते. शाहूपुरीतल्या एका लहान छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांची टोकं कायम शिसपेन्सिलीसारखी करडी असत आणि कितीही साबण लावला तरी ती तशीच राहत. छापताना वाया गेलेले कागद ते घरी आणायचे आणि मी त्यांवर वाचायला शिकले. मोर्च्याची पत्रकं, संघटनांची निवेदनं, देवऋषी आणि अंगाऱ्याविरुद्धची पुस्तिका, आणि त्याच गठ्ठ्यात जंगी कुस्त्यांच्या मैदानाची जाहिरात, कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका. शाई पुसट, अर्धी ओळ गायब. गायब असलेली अर्धी ओळ मी मनानं पुरी करायची आणि बाबांना ऐकवायची. ते म्हणायचे, "ह्यापेक्षा जळजळीत हुती." म्हणून मी आणखी जळजळीत करायची. आज लोक मला विचारतात की तुमच्या लिहिण्यात एवढा त्वेष कुठून आला. तो तिथून आला. आमच्या घरात बुद्धाची तसबीर होती, तिच्याखाली बाबासाहेबांची, आणि त्या दोघांच्या खाली पत्रकांचा गठ्ठा, आणि मला लहानपणी ते तिन्ही सारखेच पूज्य वाटायचे.

मग छापखान्यात ऑफसेट आलं, कॉम्प्युटर आला, आणि खिळे ठेवायच्या केसी भंगारात वजनावर गेल्या. बाबा घरी बसले. खोकला त्यांना आधीपासून होताच. घरी बसल्यावर तो मोकळा सुटला. डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसं दमलीत. आई विडीला दोष द्यायची आणि मी शिशाला आणि मालकाला. बाबा दोघींचं ऐकून घ्यायचे, कारण वाद घालायला लागणारा श्वास त्यांच्याजवळ उरला नव्हता. त्यांना आडवं होता यायचं नाही. भिंतीला उशा लावून, त्यांना टेकून बसल्या बसल्या झोपायचे. दिवाळी सरली, रंकाळ्याकडून येणारं वारं बोचायला लागलं, आणि त्यांना हुडहुडी भरायची. वाकळ घातली की छाती दबायची, धाप लागायची. वाकळ काढली की दात वाजायचे. घ्यावी तर श्वास जातो, टाकावी तर ऊब जाते, असं सकाळपर्यंत चालायचं. बाबांनी आयुष्यात स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नाही. त्या दिवसांत मात्र ते एकदा म्हणाले, "काय नगं मला. एकदा निवांत निजायचंय बघ."

हलकं आणि गरम म्हणजे लोकर. लोकर घरात होती ती माझ्या शाळेच्या निळ्या स्वेटरची. मी तेव्हा कॉलेजात जात होते, स्वेटर आखूड झाला होता. शेजारच्या शांताक्कानं तिच्या मुलाचा पांढरा, बाह्या विटलेला स्वेटर दिला. शांताक्का निपाणीकडची, भिंतीला भिंत लागून राहायची. बोलायला लागली की मराठीतून कानडीत कधी गेली ते तिचं तिला कळायचं नाही. आम्ही दोन्ही स्वेटर उसवले. उसवलेली लोकर कुरळी होते. ती लडी करून कोमट पाण्यात बुडवून, खाली वजन बांधून दोरीवर वाळत घातली. अंगणात निळ्या आणि पांढऱ्या लडी लोंबायला लागल्या तेव्हा येणारा जाणारा विचारायचा, "काय ताई, भीमजयंती लवकर आली काय यंदा?"

विणायचं मला येत नव्हतं. येत नव्हतं असं म्हणण्यापेक्षा, मी शिकले नव्हते. शाळेत मुलांना सुतारकाम आणि मुलींना विणकाम होतं, त्यावरून मी बाईंशी भांडले होते. चूल, मूल आणि सुई हे एका पत्रकातलं वाक्य मी भर वर्गात म्हणून दाखवलं होतं आणि तासाला बाहेर उभी राहिले होते. बाबांनी त्या दिवशी मला भजी आणली होती. आता मी आईपुढं सुया घेऊन बसले तेव्हा ती म्हणाली, "सुई हातात घेणार न्हाय म्हणून भांडलतीस की. आता काय झालं?"

"ते बाईच्या जातीवर लादत होते म्हणून भांडले. हे बाबांसाठी आहे."

"असं व्हय. सुईला कळतंय का बग ते."

आई दवाखान्यात आया होती. तिथल्या एका सिस्टरकडून ती सुलट-उलट टाके शिकली होती, त्यापलीकडं तिला येत नव्हतं. मोठं पांघरूण एकदम विणायचं तर लांब सुया लागतात, म्हणून चौकोन विणायचे आणि मग जोडायचे असं ठरलं. पहिला चौकोन झाला. आईनं तो उजेडापुढं धरला तर पलीकडची खिडकी दिसत होती. दुहेरी लोकर घेऊन विणावं, तर तेवढी लोकर नव्हती, आणि ते पुन्हा जड झालं असतं. आई चौकोन मांडीवर ठेवून बसून राहिली. शांताक्का म्हणाली, "त्या तिबेटी बाईला विचारूया की. दिवसभर विणत बसल्याली असती."

थंडीत दसरा चौकाच्या बाजूला तिबेटी लोक स्वेटरांची पालं ठोकून बसायचे. कर्नाटकातल्या मुंडगोडच्या त्यांच्या वसाहतीतून यायचे, संक्रांतीनंतर जायचे. त्यांतल्या एका पालात डोल्मा नावाची बाई होती. गाल लाल, पट्ट्यापट्ट्यांचा ॲप्रन कमरेला, एका मनगटावर जपाची माळ गुंडाळलेली आणि हातात सतत सुया. मुंडगोडात राहून ती कानडी बोलायची, त्यामुळं शांताक्काला पहिल्या पाच मिनिटांत तिची सगळी वंशावळ कळली. मी माझ्या हिंदीत म्हटलं, "आप बुद्धिस्ट? हम भी बुद्धिस्ट." डोल्मा एकदम उठली, माझे दोन्ही हात हातात घेतले आणि मला स्टुलावर बसवलं. बाबांचा आजार शांताक्कानं कानडीत सांगितला. तो ऐकून तिनं गल्ल्याशेजारच्या डबीतून एक लाल दोरा काढला, मध्ये एक गाठ मारलेला, आणि माझ्या मुठीत ठेवला. "लामा का आशीर्वाद. पिताजी के गले में."

मी मूठ उघडीच ठेवली. आमच्या वस्तीत गंडेदोरे सोडून देण्यासाठी माणसांनी काय सोसलं होतं ते मी ऐकून होते. आजोबांनी घरातले देव नदीत सोडले तेव्हा त्यांच्या सख्ख्या भावानं वर्षभर त्यांच्या हातचं पाणी घेतलं नव्हतं. मी शांताक्काला म्हटलं, सांग तिला. बुद्धानं असलं काही सांगितलं नाही म्हणावं. दोऱ्यानं माणूस बरा होत नाही, माणसाची बुद्धी बांधली जाते. जपाच्या माळेबद्दलही मी बरंच बोलले. पालात स्वेटर बघणारी दोन माणसं माझ्याकडं बघायला लागली. शांताक्कानं सगळं ऐकून घेतलं आणि कानडीत जेमतेम चार शब्द बोलली. डोल्मानं मान हलवली आणि दोरा शांतपणे डबीत परत ठेवला.

"एवढंच सांगितलंस?" मी विचारलं.

"बाप न्हाय म्हंतोय म्हणून सांगितलं," शांताक्का म्हणाली. "तिला बी बाप हुता. कळतंय तिला."

मग डोल्मानं माझ्या पिशवीतले निळे-पांढरे लोकरीचे गोळे बाहेर काढले आणि एक टाका दाखवला. तिच्या हातात तो इतका भराभर व्हायचा की बघता बघता बोटभर कापड तयार. एका बाजूनं निळ्यात पांढरे दाणे, विटांसारखे एकाआड एक बसलेले. उलटी बाजू दाट, बोट खुपसलं तरी जात नव्हतं. हातात घेतलं तर वजन नाही. मी तिच्या पालात तासभर बसले. तिनं माझी बोटं धरून धरून करवून घेतलं आणि तिथं मला ते आलंही. नमुना म्हणून तो बोटभर तुकडा तिनं मला दिला.

घरी येऊन बसले आणि सगळं विसरले. मी दोन्ही लोकरी एकदम बोटावर घेऊन एक निळा टाका, एक पांढरा टाका असं विणत गेले. मागं धाग्यांचा गुंता, आणि मी तो घट्ट ओढत होते त्यामुळं चौकोनाच्या कडा वर आल्या. सुईवरून काढला तर ती वाटी झाली होती. आईनं ती पालथी घातली. वाटी तशीच उभी राहिली. "भाजी घालायला बरी हाय," ती म्हणाली. मी सुया फेकल्या. बाबा उशांना टेकून हे बघत होते. त्यांनी हात पुढं केला, "तो नमुना आण बघू इकडं."

डोल्माचा तुकडा त्यांनी डोळ्यांजवळ नेला. पाठ बघितली, कड बघितली, नखानं एक ओळ मोजत गेले. ते प्रूफ वाचायचे तेव्हा त्यांचा चेहरा असाच व्हायचा, आणि ते घरी बसल्यापासून तो चेहरा मी बघितला नव्हता. "दोन रंग एका वेळी कोण छापतंय का?" ते म्हणाले. दोन रंगांची पत्रिका असली की आधी तांबडा छापायचा आणि हिरव्याची जागा मोकळी सोडायची. मग सगळे कागद परत मशीनवर घालून नुसता हिरवा. "हे बी तसंच हाय. ह्या वळीला निळाच धागा. निळा टाका ईण. फुडचा पांढरा हाय न्हवं, त्याला ईणू नको, नुसता सरकव पलीकडच्या सुईवर. धागा मागनं जाऊ दे. येताना बी तसंच. मग पांढरा धागा घे, तवा पांढरं ईणायचं, निळं सरकवायचं."

"मग सरकवलेल्या टाक्याचा उपयोग काय?"

"जिथं छापायचं न्हाय तिथं बी शिसं घालावंच लागतंय. मोकळ्या जागंचं शिसं. ते घातलं न्हाय तर अक्षरं ढासळत्यात." बोलून ते दमले, डोळे मिटून बसले. थोड्या वेळानं म्हणाले, "आणि मागचा धागा आवळू नको. त्याला जरा निवांत ऱ्हाऊ दे."

मी विणायला लागले. ते डोळे मिटूनच सांगायचे, धर, सोड, धर, सोड. मधे श्वास कमी पडला की थांबायचे आणि मी पण थांबायची. पहिला चौकोन सपाट पडला तेव्हा आईनं तो उजेडापुढं धरला. खिडकी दिसली नाही. तिनं तो बाबांच्या छातीवर ठेवला आणि हात बाजूला घेतला. "जड होतंय?" बाबांनी मान हलवून नाही म्हटलं.

पुढचे दिवस मला आवाजांनी आठवतात. सुयांची टकटक, शेजारच्या तालमीतल्या पैलवानांचा दम, चुलीवर नाचणीच्या आंबिलीचा खदखदाट, बाबांचा खोकला. आई दवाखान्यातून आली की हात धुवून थेट सुया घ्यायची. ती माझ्याकडून टाका शिकली आणि दोन दिवसांत माझ्यापेक्षा सरस विणायला लागली. शांताक्का तिसरी. ती बोलता बोलता सरकवायचा टाका विणून ठेवायची, आणि बाबा लांबूनच म्हणायचे, "शांताबाई, प्रूफात चूक हाय," मग ती कानडीत काहीतरी पुटपुटत उसवायची. रविवारी आई पांढरा रस्सा करायची आणि बाबांना वाटीतून पाजायची. खसखस वाटायचा वास लोकरीला लागायचा. मी कॉलेजच्या मासिकासाठी लेख लिहीत होते, तो मी विणता विणता त्यांना तोंडी ऐकवायची. छापखान्यातून काढलेल्या कामगारांवरचा लेख. ते ऐकायचे, आणि शेवटी म्हणायचे, "ह्यापेक्षा जळजळीत पायजे." तो लेख पुढं छापून आला, पण त्यात त्यांनी सांगितलेली एक ओळही नाही. मालकाला शिव्या घालायला ते कधीच तयार झाले नाहीत, आणि शिव्या सगळ्या माझ्या आहेत. आजही घालते.

लोकर कमी पडली. शांताक्कानं वस्तीत फिरून मफलर, कानटोप्या गोळा केल्या. निळा तर निळा, पांढरा तर पांढरा, छटा जुळल्या नाहीत. बाबांना ते आवडलं नाही, "शाई बदलली" म्हणाले. मग त्यांनीच चौकोन अंथरुणावर मांडून, गडद मध्ये आणि फिके कडेला अशी रचना लावून दिली. त्यात एक दुपार गेली, आणि त्या दुपारी ते खोकले कमी.

आईनं क्रोशाच्या सुईनं चौकोन जोडले. शेवटची कड झाली तेव्हा ऊन अंगणातून उंबऱ्यावर आलं होतं. आईनं आणि मी ते पांघरूण दोन बाजूंनी धरलं आणि बाबांच्या पायापासून गळ्यापर्यंत सोडलं. त्यांनी मग हात आतून बाहेर काढून वरून चाचपलं.

"हाय का अंगावर?" ते म्हणाले. "कळंनाच झालंय की."

आई हसली. तिनं वाकळेची घडी घातली आणि ट्रंकेवर ठेवली, आणि त्यात तिला काही वाटलं असेल तर दिसू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी जागी झाले ती शांततेनं. खोकल्याशिवाय आमची सकाळ होत नसे. आई दारात उभी होती, बोट ओठांवर. "निजलाय," ती म्हणाली. "पहाटेपासनं एकदा खोकला न्हाय. गप ऱ्हावा." बाबांची मान उशीवर एका बाजूला कलली होती, तोंड भिंतीकडं, पांघरूण गळ्यापर्यंत. आई त्या सकाळी जशी वागली तशी मी तिला पुन्हा कधी बघितली नाही. दूधवाल्यानं घंटा वाजवली तर ती अंगणात धावली आणि त्याला कोपऱ्यावर थोपवून दूध घेतलं. शांताक्काचा रेडिओ बंद करायला लावला. विहारात वंदनेची कॅसेट लागली तेव्हा तिनं पोरगं पाठवून भोंगा बारीक करायला सांगितलं. तिनं दवाखान्यात रजा सांगितली. चहाचं भांडंसुद्धा तिनं फडक्यात धरून, आवाज न करता चुलीवर ठेवलं. चेहऱ्यावर एक हसू होतं, तरुण बाईचं. "ईणलं ते कामाला आलं," ती माझ्या कानात म्हणाली.

मला राहवेना. "मी डोल्माला सांगून येते," म्हटलं आणि निघाले. चालत गेले, निम्मं पळत. ती पालाचा पडदा वर बांधत होती. मी म्हटलं, पिताजी सो गए, बहुत दिन के बाद सो गए, खाँसी नहीं. तिनं माझा चेहरा दोन्ही तळव्यांत धरला. ती काहीतरी तिच्या भाषेत बोलली. ते मला कळलं नाही आणि मी विचारलंही नाही. तिनं मला लोण्याचा खारट चहा दिला. तो मला आवडला नाही, पण मी सगळा प्याले.

परत आले तेव्हा अंगण तसंच शांत होतं. वस्ती अजून आईचं ऐकून गप्प होती. आई बाबांच्या पायाशी बसली होती, तिचा हात पांघरुणाच्या आत. शांताक्का दाराला धरून उभी. आईनं माझ्याकडं बघितलं नाही.

"पाय गार हाईत," ती म्हणाली. "मला वाटलं उघडं पडलं असतील. म्हणून झाकाय गेलतो."

पुढचं मला सलग आठवत नाही. माणसं आली. कागलहून आत्या आली, बाबांची थोरली बहीण. पांढरं कापड आणलं गेलं, मेणबत्त्या लागल्या, वंदना झाली. बाबांच्या अंगावरचं पांघरूण काढायला कुणी तरी वाकलं तेव्हा आत्या म्हणाली, "ऱ्हाऊ दे. मेलेल्याच्या अंगावरचं घरात ठेवत न्हाईत. त्याच्यासंगट जाऊ दे."

माझ्या तोंडाशी सगळी पत्रकं आली. वस्तूला विटाळ नसतो, मृत्यूला विटाळ नसतो, हे मी बाबांच्या गठ्ठ्यातूनच शिकले होते, आणि ते त्यांच्या डोक्याशी उभं राहून सगळ्यांना सुनवायला मी तोंड उघडलं होतं. पण आई आधी बोलली. आईनं कुठल्या सभेत कधी तोंड उघडलं नव्हतं.

"त्येला गार लागत हुतं म्हणून केलतं, आक्का," ती म्हणाली. "आता त्येला गार लागत न्हाय."

तिनं पांघरूण दोन्ही हातांनी उचललं, एक चौकोन त्यांच्या बंडीच्या गुंडीत अडकला होता तो हळू सोडवला, आणि वळून माझ्या खांद्यावर घातलं. आत्यानं पांढरं कापड पुढं केलं. मी भिंतीला टेकून खाली बसले. इतके तास ते त्यांच्या अंगावर होतं, तेव्हा त्यात त्यांची ऊब असेल असं मी धरून चालले होते. ते गार होतं, अंगणातल्या फरशीसारखं गार. मी ते तसंच ओढून धरून बसले. माणसं येत होती, जात होती. बऱ्याच वेळानं ते गरम झालं, माझ्याच अंगानं.